दूरचित्रवाणीचीं कुलुपें

धानाची कापणी आटोपली, दिवाळी पार पडली, म्हणजे गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतून झाडीपट्टीच्या नाटकांना रंग चढूं लागतो. मंडईच्या दिवसांत गांवाबाहेरच्या मोकळ्या शेतांत मांडव उभा राहतो, त्याच्या सभोंवार कनात ताणली जाते, एका अंगास तिकिटाचें दार ठेवतात, आणि रात्रीं उशिरां सुरू झालेला खेळ पहांटेपर्यंत चालतो. कनातीचें कापड तें किती पातळ! बाहेर उभे राहणाऱ्यास संवादहि ऐकूं येतात आणि गाणेंहि ऐकूं येतें. दिसत नाहीं एवढेंच. तरीहि त्या पातळ कापडाच्या आधारावर नट, नटी, पेटीवाला, तबलजी, पडदे रंगविणारा, दिवे लावणारा अशा कितीतरी माणसांचा हंगाम उभा असतो. याच रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्रीचा मान मिळाला. त्या मानामागें जी वर्षानुवर्षांची सेवा आहे, ती चालूं राहिली याचें एक कारण असें कीं, गांवोगांवच्या प्रेक्षकांनीं दारावर तिकीट काढलें.

मांडवाला कनात ताणतां येते. परंतु जो खेळ आकाशांतून अथवा तारेंतून घरोघर पोंचतो, त्याला कनात कशी ताणावी? हा प्रश्न आजचा नव्हे. रेडिओ या देशांत आला तेव्हांच तो उभा राहिला होता. ध्वनिक्षेपण केंद्रावरून निघालेली लहर धनिकाच्या वाड्यावरून जाते आणि मजुराच्या झोंपडीवरूनहि जाते. ज्याच्याजवळ ग्रहणयंत्र असेल त्याला ती ऐकूं येणारच. लहरीला अडवितां येत नाहीं, म्हणून सरकारनें यंत्राला अडविलें. १८८५ चा तार कायदा होताच. त्यांत १९३३ च्या बिनतारी संदेशवहन कायद्याची भर पडली, आणि परवान्याशिवाय असें यंत्र बाळगणें हा गुन्हा ठरला. परवाना पोस्टांत मिळे, दरवर्षीं त्याची फी भरून पुस्तिकेवर तिकीट चिकटवून घ्यावें लागे. पुढें दूरचित्रवाणीच्या संचालाहि असाच परवाना लागूं लागला. १९८० नंतरच्या दशकांत ही पद्धति बंद झाली. कित्येक जुन्या घरांतून त्या पुस्तिका अजूनहि कागदपत्रांच्या पेटींत सांपडतात.

परवान्याच्या या पद्धतींत एक मोठें वैगुण्य होतें. परवाना नसलेलें यंत्र परवाना असलेल्या यंत्राइतकेंच स्पष्ट बोले! कायद्याचें कुलूप कागदावर होतें, यंत्रांत नव्हतें. तें यंत्रांत शिरलें तें पुष्कळ पुढें. १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस प्रयोगादाखल दूरचित्रवाणी सुरू झाली. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. १९९१ नंतर उपग्रहवाहिन्यांचा काळ आला. गल्लीगल्लींत केबलच्या तारा छपरांवरून धांवूं लागल्या. एका जोडणीवरून शेजारच्या चार घरांत तार ओढून नेणें ही त्या काळीं कोणास चोरी वाटत नसे. तारेंत चित्र उघडेंच वाहत होतें. तार जेथें पोंचेल तेथें तें दिसे. १९९५ सालीं केबलच्या जाळ्यांसंबंधीं कायदा झाला, आणि २०१२ पासून टप्प्याटप्प्यानें सर्व देशांतील केबल अंकीय पद्धतीवर नेण्यांत आली. मुंबई पहिल्याच टप्प्यांत होती. मग घरोघर एक छोटी पेटी आली. तींत एक पत्रक, म्हणजे कार्ड बसविलेलें असे. चित्र आतां गूढ लिपींत येऊं लागलें, आणि ती लिपी उलगडण्याची किल्ली थोड्याथोड्या सेकंदांनीं बदलूं लागली. ज्याच्या कार्डास हक्क दिला आहे त्याच्याच पेटींत ती किल्ली उघडे. कनात तारेच्या आंत ताणली गेली ती अशी.

आतां तारेची जागा इंटरनेटनें घेतली आहे. खेड्यांतील तरुण आपल्या मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहतो, घरांतील वडीलधारीं माणसें त्याच सेवेवर मालिका पाहतात, आणि नागपूरला अगर पुण्याला शिकावयास गेलेली मुलगी त्याच खात्यावरून चित्रपट पाहते. येथें पेटी एक नाहीं, उपकरणें अनेक आहेत. त्यांतील कोणतें हक्काचें आणि कोणतें आगंतुक, हें हजारों कोस दूर असलेल्या यंत्रानें क्षणार्धांत ओळखावयाचें असतें. तें कसें ओळखतात?

याचें उत्तर समजण्यास बिरसीचें उदाहरण उपयोगीं पडेल. गोंदिया तालुक्यांतील हें गांव विमानतळामुळें परिचित आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४० सालीं, इंग्रजी अमदानींत येथें धांवपट्टी बांधण्यांत आली. पुढें वैमानिकांना शिक्षण देणारी संस्था येथें निघाली, आणि मार्च २०२२ मध्यें येथून प्रवाशांची नियमित विमानवाहतूक प्रथमच सुरू झाली. या विमानतळावर दोन प्रकारचे व्यवहार शेजारीं शेजारीं चालतात. शिकाऊ वैमानिक आकाशांतून मनोऱ्याशीं बोलतो तें उघड्या लहरींवर. तेथें गुप्तता नाहीं, आणि नसावीच. कारण आसपासच्या प्रत्येक विमानानें तें बोलणें ऐकावें यांतच सर्वांची सुरक्षितता आहे. परंतु खालीं प्रवाशांच्या दाराशीं रीत निराळी. तेथें प्रथम माणसाची ओळख पाहतात, मग त्याच्याजवळ आजच्या विमानाचें तिकीट आहे कीं नाहीं तें पाहतात, मग त्याचें सामान तपासतात. आणि विमानांत चढतांना पुन्हां एकदां चिठ्ठी पाहतात. एका तपासणीतून निसटलेला मनुष्य दुसरींत अडकावा अशी ती योजना आहे.

इंटरनेटवरील दूरचित्रवाणीचा पहारा नेमका असाच पायऱ्यापायऱ्यांचा असतो. पहिली पायरी ओळखीची. ग्राहक आपलें नांव आणि परवलीचा शब्द, अथवा मोबाईलवर आलेला अंक सांगतो. दुसरी पायरी हक्काची. या खात्याची वर्गणी भरलेली आहे काय, हा कार्यक्रम त्या वर्गणींत बसतो काय, एकाच वेळीं किती उपकरणांवर पाहण्याची मुभा आहे, हें तपासून त्याला एक अल्पजीवी चिठ्ठी देतात. ही चिठ्ठी कांहीं मिनिटांनीं अगर तासांनीं निरुपयोगी होते. तिच्यावर सेवेची अंकीय सही असते, त्यामुळें तींत खाडाखोड केल्यास ती तत्काळ बाद ठरते. तिसरी पायरी उपकरणाची, आणि खरें कौशल्य आहे तें येथेंच.

चित्रपट इंटरनेटवरून अखंड येत नाहीं. त्याचे कांहीं सेकंदांचे लहान लहान तुकडे केलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा गूढ लिपींत बंद केलेला असतो. हे बंद तुकडे ग्राहकाजवळच्या शहरांतील साठवण-यंत्रांत आधींच नेऊन ठेवलेले असतात, म्हणजे ते लवकर पोंचावे. तेथून ते कोणीं उचलून नेले तरी बिघडत नाहीं. कारण किल्लीशिवाय ते म्हणजे निव्वळ अंकांचा ढीग. लिपी इतकी दृढ असते कीं, १२८ द्विअंकी स्थानांच्या किल्लीचे जितके प्रकार संभवतात त्यांची संख्या ३९ आंकडी भरते. एकेक किल्ली लावून पाहण्याचा मार्ग त्यामुळें बंदच झाला. पेटी सर्वांना द्यावी, किल्ली मात्र हक्कदारालाच द्यावी, असा हा व्यवहार आहे.

ही किल्ली देणारी व्यवस्था निराळी असते. जगांत आज मुख्यत्वें तिचे तीन प्रकार चालतात: गूगलचें वाइडवाइन, ॲपलचें फेअरप्ले आणि मायक्रोसॉफ्टचें प्लेरेडी. चांगल्या उपकरणाच्या चिपमध्यें एक बंदिस्त कोपरा राखलेला असतो, आणि कारखान्यांतच त्यांत त्या उपकरणाची गुप्त खूण कोरलेली असते. किल्ली त्या कोपऱ्यांतच उघडते. उपकरणाच्या मालकालासुद्धां ती दिसत नाहीं. ज्या उपकरणांत असा कोपरा नसून सारें काम साध्या प्रणालीवर चालतें, त्याला बहुधा उत्कृष्ट दर्जाचें चित्र देत नाहींत. कमी तपशिलाच्या चित्रावर त्याची बोळवण होते. एकच चित्रपट एका मोबाईलवर लख्ख आणि दुसऱ्यावर अंधुक कां दिसतो, या नेहमीच्या कोड्याचें एक उत्तर हें आहे. आणि एखाद्या उपकरणाची गुप्त खूण चोरीस गेल्याचें कळलें, तर ती खूण काळ्या यादींत टाकतां येते. त्यानंतर त्या खुणेस किल्ली मिळत नाहीं.

एवढा बंदोबस्त असूनहि चोरी होते, हें खरें आहे. मग चोर शिरतो कोठून? तो क्वचितच कुलूप फोडतो. बहुतेक वेळां तो किल्ली सांभाळणाऱ्या माणसापाशीं जातो. अनेक लोक एकच परवलीचा शब्द दहा ठिकाणीं वापरतात. एखाद्या दुकानाच्या खात्यांची यादी कोठें तरी फुटते, आणि तेच शब्द यंत्राच्या साहाय्यानें दूरचित्रवाणीच्या दारावर भराभर लावून पाहतात. जेथें शब्द जुळला तें खातें परस्पर विकलें जातें. कांहींजण सेवेच्या ॲपमध्यें फेरफार करून त्याची बनावट आवृत्ति पसरवितात. कांहींजण एका खऱ्या ग्राहकाची चिठ्ठी हजारों लोकांना वांटतात, आणि तुकडे वाहून नेण्याचा खर्च मूळ सेवेच्या माथीं मारतात. कांहींजण पडद्यावरचें उलगडलेलें चित्रच टिपून पुन्हां प्रक्षेपित करतात. यांपैकीं प्रत्येकावर उपाय आहे. चिठ्ठी एका उपकरणाशीं बांधली तर ती दुसऱ्याच्या हातीं चालत नाहीं. चित्र चालूं असतांना उपकरणानें ठराविक वेळानें हजेरी द्यावी असा नियम केला, तर मर्यादेपलीकडचीं उपकरणें आपोआप बंद पडतात. पेटींतून पडद्याकडे जाणाऱ्या तारेंतहि चित्र गूढ ठेवतां येतें.

पडद्यावरून टिपलेल्या चित्रावरचा उपाय विशेष मनोरंजक आहे. प्रत्येक तुकड्याच्या दोन आवृत्त्या करतात. डोळ्यांना त्या एकसारख्याच दिसतात, परंतु प्रत्येकींत एक सूक्ष्म निराळी खूण असते. एका ग्राहकास पहिली, पहिली, दुसरी, पहिली अशा क्रमानें तुकडे जातात. दुसऱ्यास निराळ्या क्रमानें. केवळ २० तुकड्यांत या क्रमांचे १० लाखांहून अधिक प्रकार होतात. चोरीचें चित्र हातीं पडलें कीं त्यांतील क्रम वाचून तें कोणत्या खात्यावरून निघालें हें सांगतां येतें. नाण्यावरील टांकसाळीच्या खुणेसारखीच ही खूण समजावी.

तथापि भिंत कितीहि उंच असली तरी आंतल्याच माणसानें दार उघडलें तर काय करावें? याचें उदाहरण मुंबईंत घडलें. ऑगस्ट २०१७ मध्यें ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या जगप्रसिद्ध मालिकेच्या सातव्या मालेंतील चौथा भाग प्रक्षेपणापूर्वींच इंटरनेटवर फुटला. त्या प्रतीवर स्टार इंडियाची खूण होती. स्टारसाठीं या मालिकेच्या अंकीय प्रतीचें काम पाहणाऱ्या मुंबईच्या कंपनीनें स्वतःच पोलिसांकडे फिर्याद दिली, आणि महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनीं चौघांना अटक केली. ते चौघे त्या कंपनीचे आजी अथवा माजी नोकर होते. सात समुद्रांपलीकडे कोट्यवधि लोक ज्या भागाची वाट पाहत होते, त्याच्या चोरीचा धागा महाराष्ट्रांत येऊन पोंचला. ज्याला कामापुरती किल्ली दिली, त्याची किल्ली काम संपतांच परत घ्यावी, आणि कोणीं कोणतें दार केव्हां उघडलें याची नोंद ठेवावी, हा या प्रकरणाचा धडा आहे. खजिनदाराची वही रोजच्या रोज तपासण्याची जुन्या पेढ्यांची चाल याच विचारानें पडली होती.

त्याच वर्षीं महाराष्ट्र सायबरनें अशा चोऱ्यांच्या तपासासाठीं स्वतंत्र पथक उभारलें. पुढें २०२३ च्या आयपीएलचे सामने एका पैजेच्या ॲपवरून बेकायदा दाखविल्याची तक्रार वायाकॉम १८ या कंपनीनें केली. १०० कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाल्याचा तिचा दावा होता. या प्रकरणांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. फुकट सामना हें आमिष असतें. खरा धंदा दुसराच असतो. प्रेक्षक सामना पाहावयास येतो आणि जुगाराच्या दारांत पोंचतो.

कायदाहि स्वस्थ बसलेला नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं ६५-अ हें कलम घालण्यांत आलें. हक्कभंगाच्या हेतूनें असें तांत्रिक कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा त्यांत सांगितली आहे. कायदेशीर रीतीनें मिळविलेल्या प्रतीवरून गूढ लिपीचें संशोधन करणारा अभ्यासक मात्र त्यांतून वगळला आहे, हा त्या कलमाचा शहाणपणा होय. चोरीच्या संकेतस्थळांचा एक त्रास असा कीं, एक बंद केलें कीं तेंच दुसऱ्या नांवानें उघडतें. म्हणून दिल्ली उच्च न्यायालयानें एप्रिल २०१९ मध्यें असा मनाईहुकूम दिला कीं, त्याच स्थळाचीं नवीं प्रतिरूपें निघाल्यास तोच हुकूम त्यांनाहि लागू करून घेतां यावा. ऑगस्ट २०२३ मध्यें त्याच न्यायालयानें याहि पुढचें पाऊल टाकून, पुढें तयार होणाऱ्या कलाकृतींनाहि अशा हुकुमाचें संरक्षण दिलें. बहुरूप्याला नवें सोंग घेतांच ओळखण्याची ही सोय आहे.

येथवर सेवेची बाजू झाली. परंतु ग्राहकाची बाजू ऐकल्याशिवाय न्याय पुरा होत नाहीं. सामना एका सेवेवर, मराठी नाटक दुसरीवर, मुलांचें चित्र तिसरीवर, आणि प्रत्येकीची वर्गणी निराळी. मोलमजुरीवर चालणाऱ्या घरानें हें सारें कोठून भरावें? परगांवीं शिकणाऱ्या मुलीला घरचें खातें वापरूं देणें यांत चोरी ती कसली, असें आईबापांना वाटतें, आणि तें वाटणें स्वाभाविक आहे. नेटफ्लिक्सनें जुलै २०२३ मध्यें एक खातें एका घरापुरतेंच असा नियम भारतांत कडक केला, तेव्हां हाच प्रश्न घरोघर निघाला. शिवाय कुलूप आंधळें असतें. जुना पण चालता संच एके दिवशीं ‘अमान्य उपकरण’ म्हणून नाकारला जातो. प्रवासांत असलेला प्रामाणिक ग्राहक चोर समजून अडविला जातो. आणि सुरक्षिततेच्या नांवाखालीं कोण केव्हां कोठून काय पाहतो याच्या याद्या जमा होत राहतात. ज्या पहाऱ्यानें मालकालाच वारंवार दारांत उभें करावें, तो पहारा मालक लवकरच काढून टाकतो, अगर मागच्या दारानें जाऊं लागतो. म्हणून उत्तम बंदोबस्त तोच कीं, जो हक्कदाराला जाणवूं नये आणि आगंतुकाला चुकवितां येऊं नये. नियम किती उपकरणांचा, किती घरांचा, हें वर्गणी घेतांनाच स्पष्ट मराठींत सांगावें. उपकरणांची यादी ग्राहकाला पाहतां यावी, आणि अनोळखी उपकरण त्याला एका कळीनें काढतां यावें. कामापुरतीच माहिती घ्यावी आणि काम होतांच पुसून टाकावी. वर्गणी जितकी वाजवी, तितका चोराचा धंदा मंद, हेंहि सेवाचालकांनीं विसरूं नये.

आणि ज्याला वर्गणी परवडत नाहीं, त्याच्यासाठीं उघडें दारहि आहे. दूरदर्शनची फ्री डिश ही सेवा मासिक वर्गणीवांचून चालते. तिच्यासाठीं छत्री आणि पेटी यांचा एकवेळचा खर्च तेवढा येतो. प्रसार भारतीनें २० नोव्हेंबर २०२४ रोजीं गोव्यांतील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत ‘वेव्ह्ज’ नांवाची इंटरनेटवरील सेवाहि सुरू केली. सार्वजनिक पाणवठा जवळ असतांना दुसऱ्याच्या विहिरीचें कुलूप तोडण्याचें कारण उरत नाहीं.

उलट, फुकटाच्या मार्गानें जो धोका घरांत येतो त्याची किंमत कोणीच आधीं सांगत नाहीं. परिचिताच्या संदेशांतून एक ॲप येतें. तें अधिकृत भांडारांतून घेतलेलें नसतें. तें बसवितांना संदेश वाचण्याची परवानगी मागतें, आणि सामना पाहण्याच्या घाईंत ती दिली जाते. त्याच मोबाईलवर बँकेचे गुप्त अंक येत असतात. धानाच्या विक्रीचे पैसे त्याच खात्यांत जमा झालेले असतात. एका सामन्याची वर्गणी वांचविण्याच्या नादांत हंगामाची कमाई परक्याच्या हातीं देण्याचा हा मार्ग आहे. बाजारांतून आणलेली ‘सर्व वाहिन्या फुकट’ म्हणणारी अनोळखी पेटीहि तशीच. घरच्या जाळ्यांत जोडल्यावर ती आंतून कोणाची चाकरी करते हें मालकाला कळत नाहीं.

म्हणून प्रत्येक कुटुंबानें चार साध्या गोष्टी पाळाव्या. दूरचित्रवाणीच्या खात्याचा परवलीचा शब्द बँकेच्या अगर दुसऱ्या कोणत्याहि खात्याला ठेवूं नये. मोबाईलवर आलेला अंक कोणालाहि सांगूं नये, मग तो स्वतःला सेवेचा माणूस म्हणवीत असला तरी. जुना मोबाईल अथवा संच विकण्यापूर्वीं त्यावरील खातें बंद करून सारें पुसून टाकावें. आणि महिन्यांतून एकदां खात्यावरील उपकरणांची यादी पाहून, जें ओळखीचें नाहीं तें काढून टाकावें. घरांतील जाणतीं मुलें हें काम पांच मिनिटांत करतात. वडिलांनीं तें त्यांजकडून करवून घ्यावें, व करतांना जवळ बसून समजून घ्यावें.

झाडीपट्टीचीं नाटकें आज कॅमेऱ्यानें टिपलीं जातात आणि इंटरनेटवरहि दिसूं लागलीं आहेत. वडशाच्या अगर गोंदियाच्या नटाचा आवाज मांडवाबाहेर, जिल्ह्याबाहेर, देशाबाहेर असलेल्या मराठी माणसापर्यंत जाऊं शकतो, ही केवढी संधि आहे! परंतु त्या दूरच्या प्रेक्षकानें दिलेला रुपया नटापर्यंत पोंचावयाचा असेल, तर त्या मार्गावरचें दार शाबूत असलें पाहिजे. मुंबईच्या मोठ्या कंपनीला एका चोरीचा तोटा सोसतां येतो. एका हंगामावर वर्षाचा संसार चालविणाऱ्या नाटकमंडळीला तो सोसत नाहीं. कनातीचें कापड पूर्वींहि पातळच होतें आणि गूढ लिपीचें कुलूपहि माणसाच्या हातचेंच आहे. दोन्ही टिकतात तीं आंतील कारागिराच्या दक्षतेवर, आणि दारावर तिकीट काढून आंत येणाऱ्या प्रेक्षकाच्या सचोटीवर.